पटावरची बायको: एका वंशशोधन सेवेचा अनुभव

माझ्या पत्नीच्या आजोळी एक बाई अशी होऊन गेली, की तिचा मुलगा, नातवंडे, पतवंडे सगळी कागदोपत्री असूनही तिचे माहेर कोणते हे घरात कोणालाच सांगता येत नव्हते. तिचा नवरा राणीच्या फौजेत पायदळाचा साधा शिपाई होता, मुलगा १८७१ साली खडकीच्या छावणीत जन्मला, आणि ती स्वतः आयर्लंडहून बोटीने आली असे घरातले सगळे सांगत. एवढ्या शिदोरीवर आम्ही गेल्या वर्षी लंडनमधील एका वंशशोधन संस्थेकडून दहा तासांचे काम करून घेतले. तासाच्या दराने आगाऊ पैसे आणि काम संपल्यावर लेखी अहवाल, असा व्यवहार होता. संस्थेचे नाव येथे देत नाही.

अहवाल २३ पानांचा आला, छपाई नेटकी होती आणि प्रत्येक कागदाची छायाप्रत जोडलेली होती. मात्र पहिली दहा पाने नवऱ्याचीच निघाली. तो कधी भरती झाला, पलटण कोणत्या महिन्यात मुंबईला उतरली, त्याला दंड कशासाठी झाला, हे वाचायला मौजेचे असले तरी आम्ही त्याचे पैसे भरले नव्हते. त्यातच एक तास लंडनच्या क्यू भागातील नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे ब्रिटनचे सरकारी दप्तरखाने, येथील डब्ल्यूओ ९७ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखाते) या मालिकेवर खर्च झालेला दिसला. १८८३ पूर्वीच्या काळासाठी त्या मालिकेत निवृत्तिवेतन घेऊन सुटलेल्या शिपायांचे कागद आहेत, आणि आमचा शिपाई नोकरीत असतानाच मेला हे याच अहवालाच्या पुढच्या पानावर लिहिलेले आहे. पाने जुळवणाऱ्याने एकदा सलग वाचले असते, तर ही विसंगती त्याच्याच लक्षात आली असती.

अहवालाचा सर्वांत चांगला भाग त्यानंतर येतो, आणि त्यासाठी मी संस्थेला मनापासून गुण देईन. शिपायाला लग्न करायचे तर कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे. परवानगीने झालेली बायको पलटणीच्या पटावर घेतली जाई; तिला बराकीत जागा मिळे, अर्धा शिधा मिळे, आणि पलटण हलली की सरकारी खर्चाने तीही हले. हा मान शंभर शिपायांमागे साधारण सहा बायकांना आणि हिंदुस्थानात येणाऱ्या पलटणींत साधारण बारा बायकांना मिळे. बाकीच्या, म्हणजे परवानगीवाचून लग्न झालेल्या, सरकारच्या लेखी नव्हत्याच. साहजिकच शिपायाची बायको कागदावर उमटते ती तिच्यावर पैसा खर्च होऊ लागला म्हणजे, आणि तिला शोधायचे तर नावांच्या सूचीपेक्षा हिशेबाच्या वह्या उलगडाव्या लागतात. संशोधकाने नेमके तेच केले. साधारण १८६८ ते १८८३ या काळातील पलटणींच्या हजेरी-पगारपटांना काही वेळा एक विवाहपट जोडलेला असतो आणि त्यात विवाहितांच्या निवासात राहणाऱ्या बायकामुलांची नोंद असते. आमच्या पलटणीच्या १८७० च्या पटात ती सापडली. नवऱ्याच्या नावाच्या ओळीत, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात, तिचे पहिले नाव होते. हे पट गठ्ठ्यांत बसून पान पान पाहावे लागतात. घरी बसून आम्हाला ते जमले नसते.

त्यानंतरचे तीन तास मात्र आयर्लंडमध्ये गेले. तेथील नागरी जन्मनोंदणी १८६४ पासूनची आहे. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील आगीत जुन्या शिरगणत्यांचा आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या दप्तरांचा फार मोठा भाग जळाला. कॅथॉलिक पॅरिशांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, दप्तरे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य पाहायला खुली केली आहेत. हे सर्व अहवालात व्यवस्थित समजावले आहे. पण ज्या बाईचे माहेरचे आडनाव ठाऊक नाही, तिला नुसत्या कॅथरिन या नावावर तेथे शोधणे म्हणजे पंढरीच्या वारीत एखाद्या विठ्ठलला हाक मारण्यासारखे आहे. त्यातही ते नाव कोणी ‘सी’ने लिही, कोणी ‘के’ने, कोणी नुसते किटी. शेवटी अहवाल सांगतो, की जन्मनोंद मिळाली नाही, आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती बहुधा पलटणीबरोबर मायदेशी परतली असावी.

येथे निम्मा दोष माझा आहे. मागणीपत्रात ‘जन्म आयर्लंडमध्ये’ असे मीच ठामपणे लिहिले होते. तरीही रोज हेच काम करणाऱ्याने घरातली आख्यायिका पुरावा म्हणून जशीच्या तशी स्वीकारावी का, असा प्रश्न पडतो. पलटणीतल्या मुली पलटणीतच वाढत आणि पुष्कळदा पंधरा-सोळाव्या वर्षी पलटणीतच दिल्या जात, हे या क्षेत्रात सर्वांना माहीत असते. शिवाय ती मायदेशी गेली असेल, तर तिचा मुलगा खडकीत कसा वाढला? हा प्रश्न अहवालात कोठेही विचारलेला नाही.

पुढचा शोध आम्ही घरीच केला. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, म्हणजे फिबिस, ही १९९८ साली सुरू झालेली स्वयंसेवी संस्था आहे, आणि स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या तिच्या सूची कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेथे आधी मी ‘खडकी’चे आजचे इंग्रजी स्पेलिंग टाकून पाहिले आणि काहीच मिळाले नाही, कारण त्या काळचा कारकून ‘किर्की’ लिहीत असे. मग पत्नीला सुचले, की नवरा मेलेला आहे आणि बराकीतली जागा फार दिवस ठेवत नसत, तेव्हा बाईने दुसरे लग्न केलेले असणार, आणि विधवेच्या लग्नात वधूचे नाव मेलेल्या नवऱ्याच्या आडनावाने लिहिलेले असणार. वधू म्हणून तेच आडनाव टाकले आणि १८७४ ची ओळ समोर आली.

मूळ पान इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधील, म्हणजे हिंदुस्थानच्या कारभाराच्या लंडनमधील जुन्या दप्तरातील, एन/३ या मालिकेत आहे. मुंबई इलाख्यातील पाद्र्यांनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, त्यांची ही मालिका. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिची चित्रे फाइंडमायपास्ट या वंशशोधनाच्या संकेतस्थळावर वर्गणी भरून पाहता येतात. त्या पानावर वधूच्या पुढे वय २१, ‘विधवा’, आणि सहीच्या जागी नकलनविसाने इमानाने उतरवलेली फुली आहे. दुसरा नवरा दारूगोळा कारखान्यातला होता. खडकीचा तो कारखाना १८६९ चा, आणि कारखाना पलटणीसारखा हलत नाही. कुटुंब खडकीत का राहिले याचा उलगडा एका रकान्यात झाला. शेवटच्या रकान्यात तिच्या बापाचे पूर्ण नाव होते. त्या नावावर याच मालिकेत १८५३ चा बाप्तिस्मा मिळाला. ठिकाण अहमदनगर, बाप कंपनी सरकारच्या युरोपियन पायदळात सार्जंट. आयर्लंड तिने बहुधा कधी पाहिलेच नसावे. बोटीने आला असेल तो तिचा बाप.

या सगळ्याला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. म्हणून सेवा निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही, कारण नवरा नोकरीत असताना मेला हे पटावरूनच कळले, आणि ते कळले नसते तर विधवेची कल्पना आम्हाला सुचलीच नसती. माझी खरी तक्रार ‘नोंद मिळाली नाही’ या वाक्याविषयी आहे. कोणती मालिका पाहिली, कोणती वर्षे, कोणती स्पेलिंगे, नवऱ्याच्या आडनावाने वधू शोधली की नाही, यांतले काहीही अहवालात नाही. पत्र लिहिल्यावर आठवड्याभरात यादी आली, ती सभ्य शब्दांत आणि जादा पैसे न घेता आली, हे नमूद करायला हवे. त्या यादीत एन/३ मधील लग्ने १८६८ ते १८७१ एवढीच पाहिलेली होती. न सापडलेल्या गोष्टींचा हिशेब सापडलेल्या गोष्टींइतकाच किमतीचा असतो, आणि दहा तासांचे पैसे मोजणाऱ्याला तो न मागता मिळाला पाहिजे.

ज्यांना लंडनला जाणे शक्य नाही आणि ज्यांचा शिपाई १८६० नंतर राणीच्या फौजेत होता, त्यांनी हजेरीपटांपुरती ही सेवा जरूर घ्यावी. चर्चच्या नोंदी आधी स्वतः धुंडाळाव्यात आणि उरलेले तेवढेच विकत घ्यावे. अधिकाऱ्यांच्या घराण्यांचे गणित वेगळे आहे; त्यांच्या विधवांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि खासगी कागद डब्ल्यूओ ४२ मध्ये मिळतात. आमच्यासारख्या शिपायांच्या घरांना तेथे काही लाभत नाही.

अहमदनगरच्या बाप्तिस्म्यात आईच्या रकान्यात पुन्हा फक्त एक पहिले नाव आहे. त्या आईसाठी आम्ही याच संस्थेला आणखी चार तासांचे काम दिले आहे. मागणीपत्रात या वेळी जन्मस्थान लिहिलेले नाही. सार्जंट कंपनीच्या चाकरीत होता, म्हणून क्यूऐवजी ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई फौजेची एल/मिल/१२ ही मालिका आधी पाहावी, आणि पाहिलेल्या प्रत्येक पटाचे वर्ष, सापडो वा न सापडो, अहवालात लिहावे, एवढ्या दोनच अटी घातल्या आहेत.