शिंगापासून कॉल घडवण्याचा संच: सामग्री उत्तम, पुस्तिका अपुरी

प्राण्याची किंवा पक्ष्याची साद हुबेहूब काढून त्याला जवळ आणणाऱ्या, फुंकून वाजवायच्या शिटीला या छंदातली माणसे नुसते ‘कॉल’ म्हणतात. लाकडाचे आणि ॲक्रिलिकचे कॉल मी अनेक वर्षे घरी कातत आलो आहे, पण शिंगाला आजवर हात लावला नव्हता. म्हणून शिंगापासून कॉल घडवण्याचा एक तयार संच मागवला आणि जवळजवळ दोन महिने सवडीने त्यावर काम केले. संचात म्हशीच्या शिंगाचे टोक, हरणाच्या गळलेल्या शिंगाचा एक तुकडा, ॲक्रिलिकचे दोन टोन बोर्ड (पत्ती ज्यावर बसते ती खाचेची, उतरत्या तोंडाची पट्टी), मायलर या पातळ प्लास्टिकच्या पत्त्या (फुंकीने थरथरणारी जीभ), पत्ती बोर्डावर दाबून धरणाऱ्या बुचाच्या पाचरी, 16 मिलिमीटरचे ड्रिलचे पाते आणि जाड-बारीक पॉलिश कागद एवढे साहित्य मिळाले. साहित्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपुस्तिकेबद्दल, आणि तिचे कारण थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

म्हशीच्या डोक्यावरचे ते शिंग आणि हरणाच्या डोक्यावरचेही शिंगच, असे आपल्या भाषेने दोन्हींना एकच नाव दिले आहे. प्रत्यक्षात ते दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचे शिंग म्हणजे आतल्या हाडाच्या खुंटावर चढलेले केराटिनचे आवरण. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे असतात त्याच द्रव्याचे. ते जन्मभर वाढत राहते, गळत नाही, आणि खुंट काढून टाकला की आतून पोकळ निघते. फक्त टोक भरीव असते. हरणांचे फाटे फुटलेले शिंग मात्र सगळे हाडच असते. ते दरवर्षी नव्याने उगवते, वाढताना मखमली कातडीने झाकलेले असते आणि हंगाम सरला की गळून पडते. त्याची बाहेरची भिंत घट्ट असते, पण गाभा जाळीदार, पावासारखा सच्छिद्र असतो. पुढे सोयीसाठी पहिल्याला पोकळ शिंग आणि दुसऱ्याला शाखाशिंग म्हणतो.

पुस्तिकेत हा फरक कुठेही नाही. ‘शिंग अर्धा तास उकळून मऊ करून घ्यावे’ अशी एकच सूचना दोन्ही तुकड्यांसाठी दिलेली आहे. पोकळ शिंगाला ती बरोबर लागू पडते, कारण केराटिन उष्णतेने लवचीक होते आणि दाबात धरून थंड केले की दिलेला आकार धरून ठेवते. शिंगाच्या कंगव्यांचे आणि चमच्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. हाड अशा रीतीने वाकत नाही. मी पुस्तिकेवर विश्वास ठेवून शाखाशिंगाचा तुकडाही उकळत्या पाण्यात टाकला. अर्ध्या तासाने पाण्याला खरकट्या हाडांच्या रश्शासारखा वास येऊ लागला, तुकड्यावरचा सुंदर तपकिरी रंग फिका पडला, आणि तो वाळला तेव्हा कडेपासून आत गेलेली केसाएवढी चीर दिसली. एका वर्षाच्या वाढीचे ते शिंग एका चुकीच्या वाक्यापायी वाया गेले, याचे मला खरोखर वाईट वाटले. हरणाच्या शिंगाला कोरण्यापूर्वी थोडे मऊ करायचे असेल तर ते साध्या पाण्यात भिजत ठेवावे, शेगडीवर चढवू नये.

दुसरा तुकडा वेगळा मागवून त्यात भोक पाडले, तेव्हा शाखाशिंगाची खरी अडचण लक्षात आली. पाते घट्ट भिंतीतून गाभ्यात शिरले की मऊ बाजूकडे सरकू लागते, आणि तुकडा मुळातच वाकडा असल्यामुळे एकीकडची भिंत पाहता पाहता पातळ होते. म्हणून आधी बारीक पात्याने मध्य साधून घ्यावा, मग टप्प्याटप्प्याने 16 मिलिमीटरपर्यंत जावे, आणि भिंत कुठेही 3 मिलिमीटरपेक्षा पातळ होऊ देऊ नये. एवढी काळजी घेऊनही पहिल्या फुंकीला आवाज दबलेला, खोकल्यासारखा आला. पत्ती बदलली, पाचर बदलली, पण फरक पडला नाही. शेवटी टोन बोर्डाचे तोंड बोटाने बंद करून फुंकले, तेव्हा भिंतीतून हवा झिरपताना ओठांना स्पष्ट जाणवली. सच्छिद्र गाभा हवा गळू देत होता आणि लाळही शोषून घेत होता. भोकाच्या आतून पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, तीन वेळा मुरवला, प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला, आणि आवाज एकदम मोकळा झाला. या एका कृतीवाचून शाखाशिंगाचा कॉल होतच नाही, आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही.

पोकळ शिंगाचे काम त्या मानाने आनंदाचे आहे. टोकाकडच्या भरीव भागात भोक पाडताना पाते तापले की केराटिन चिकट होऊन पात्याला धरते आणि जळक्या केसांचा वास सुटतो. तो वास आला की थांबायचे, पाते बाहेर काढून कीस झाडायचा आणि थंड होऊ द्यायचे. घाई केली तर शिंगाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. घासून झाल्यावर बारीक पॉलिश कागद आणि शेवटी सुती कापड फिरवले, तेव्हा काळ्याभोर पृष्ठाखालून मधाच्या रंगाची एक रेघ वर आली. उजेडात धरल्यावर तिच्यातून प्रकाश आरपार जातो. लाकडावर इतकी वर्षे हात चालवूनही असे काही मला पाहायला मिळाले नव्हते.

संचाची जमेची बाजू म्हणजे टोन बोर्ड आणि पत्त्या. अशा कॉलमधला आवाज पत्तीच्या थरथरण्यातून जन्मतो. शिंग त्याला वाट देते आणि थोडा रंग चढवते. जर्मनीत नर हरणाची माजाच्या काळातली डरकाळी काढण्यासाठी बैलाचे शिंग वापरतात, पण तिथे पत्ती नसते. आवाज माणसाच्या घशातून येतो आणि शिंग तो घुमवते. इथे तसे नाही. टोन बोर्डाचा उतार किंचित चुकला तर कितीही देखणे शिंग लावले तरी कॉल मुका राहतो. या संचातल्या बोर्डांचा उतार एकसारखा आणि खाच स्वच्छ आहे. 0.25 आणि 0.35 मिलिमीटर अशा दोन जाडीच्या पत्त्या दिलेल्या आहेत. पातळ पत्ती हलक्या फुंकीला लगेच बोलते, पण जोर लावला की किंचाळते. जाड पत्तीला दम लागतो आणि तिचा आवाज भारदस्त असतो. उघड्या पत्तीच्या, म्हणजे पत्ती थेट ओठांत धरायच्या कॉलमध्ये ओठ पत्तीच्या टोकाकडे दाबले की थरथरणारा भाग आखूड होऊन सशाची चिरकी साद निघते, आणि ओठ मागे घेतले की स्वर खाली उतरतो. पत्ती टोकाकडून कापून तिचा सूर चढवता येतो, मात्र एका वेळी केसाएवढीच कापावी, कारण कापलेले परत जोडता येत नाही. पत्तीचे दोन्ही कोपरे किंचित छाटले की ती ओलाव्याने बोर्डाला चिकटून बसत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत पुस्तिकेने एकच ओळ खर्ची घातली आहे, हे मला मान्य नाही. शिंग असो वा हाड, त्याची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. साधा रुमाल बांधून भागत नाही. धूळ गाळणारा चांगला मास्क हवा, आणि शक्य असेल तिथे कागद ओला करून घासावे. गोंद मुरवताना खिडकी उघडी असावी.

शाखाशिंगासोबत ते गळून पडलेले असल्याची आणि कोणत्या जातीच्या हरणाचे आहे याची चिठ्ठी होती, ही विक्रेत्याची सचोटी मला आवडली. वन्य प्राण्यांच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 पासून साइट्स कराराचे नियंत्रण आहे, आणि देशोदेशीचे कायदे तर इतके वेगळे आहेत की काही ठिकाणी जंगलात गळून पडलेले शिंग उचलून घरी आणणेही गुन्हा ठरतो. जिथे असा नियम असेल तिथल्या माणसाने शाखाशिंगाचा विचार सोडून द्यावा आणि पाळीव जनावराच्या पोकळ शिंगावर काम करावे; आवाजाच्या दृष्टीने त्याचे काहीही बिघडणार नाही. विणीच्या काळात कॉल वाजवून पक्ष्यांना घरट्यावरून उठवू नये, हेही पुस्तिकेत असायला हवे होते.

पहिल्यांदाच शिंगाला हात लावणाऱ्याने हा संच घ्यावा, पण पुस्तिकेतले उकळण्याचे पान बाजूला ठेवून घ्यावा. उकळून तडकलेला माझा तो पहिला तुकडा मी टाकला नाही. चीर नसलेल्या बाजूने त्याची बोटभर रुंदीची चकती कापली, तिचा गाभा कोरून कडे केले, आणि पोकळ शिंगाच्या कॉलला टोन बोर्ड जिथे मिळतो त्या सांध्यावर चढवले. तिथे फुंकीचा दाब येतो आणि नुसते शिंग कालांतराने उकलू शकते. हाडाचे ते फिके कडे आता त्याला घट्ट धरून आहे.