जुना ट्रॅव्हल ट्रेलर: घेताना काय पाहिलं, वापरताना काय कळलं

जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी पलंग, ओटा आणि पडद्यांवर जाते. आम्ही पाहणी छतापासून सुरू केली आणि इतके महिने वापरल्यावरही मी हाच क्रम सुचवेन. छताला झरोके, नळ्यांची तोंडं, एसी यांसाठी ठिकठिकाणी भोकं पाडलेली असतात, आणि प्रत्येक भोकाचं रक्षण करतं ते फक्त सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लवचिक लेप. ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे खाऊन ते कडक होतं, तडकतं. तिथून शिरलेलं पाणी आतल्या लाकडी चौकटीत मुरत राहतं आणि बाहेर डाग उमटेपर्यंत लाकूड कुजलेलं असतं.

म्हणून कपाटांच्या आत, खिडक्यांखाली आणि पलंगाखालच्या कोपऱ्यांत हात दाबून बघा. पायाखालची जमीन दबते का, बाहेरची भिंत फुगली आहे का, कुबट वास येतो का? यातलं काहीही आढळलं तर किंमत कितीही कमी असो, तिथूनच परत फिरा. भिंतीतला ओलावा मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते सोबत न्याच. आमच्या ट्रेलरच्या गाद्या विटलेल्या होत्या, पण लाकूड कोरडं होतं. या एका गोष्टीवर आम्ही तो घेतला आणि त्याचं समाधान आजही आहे.

टायरची नक्षी बघून विश्वास ठेवू नका. ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभाच असतो, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदललेले बरे. आम्ही पहिल्या प्रवासाआधीच सगळे टायर बदलले, स्टेपनीसकट, आणि बेअरिंगचं ग्रीसही नवं भरून घेतलं. चाकांचे नट मात्र पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात.

वजनाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. कागदावरचं रिकामं वजन म्हणजे तुमचं सामान आणि टाकीतलं पाणी धरण्याआधीचं वजन. पाणी लिटरला एक किलो भरतं, म्हणजे १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. शिवाय भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा. तो कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो, आणि ही फार धोक्याची गोष्ट आहे. हिचवरचा हा भार ओढणाऱ्या गाडीच्या माणसं-सामान वाहण्याच्या क्षमतेतूनही वजा होतो. युरोपी कॅरॅव्हानना (तिकडचे असेच ट्रेलर) हे प्रमाण कमी असतं, तेव्हा आपल्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा. सगळं सामान भरून एकदा वजनकाट्यावर जाऊन या. आम्ही गेलो आणि मागच्या कप्प्यातलं जड सामान उचलून चाकांच्या आसाजवळ आणलं. फरक त्याच दिवशी जाणवला.

मुक्कामावर पोचल्यावरचा क्रम आता हातात बसला आहे. गाडीला जोडलेला असतानाच चाकाखाली फळ्या घालून ट्रेलर डावी-उजवीकडे समतल करायचा, मग चाकांना अडणी लावून गाडी सोडवायची, पुढच्या जॅकने पुढे-मागे समतल करायचं आणि शेवटी कोपऱ्यांचे आधार खाली घ्यायचे. हे आधार हलणं थांबवण्यापुरते असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजसाठी तर समतलपणा अत्यावश्यक. त्याच्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतं, तेव्हाच गारवा तयार होतो. ट्रेलर फार वेळ तिरका राहिला तर यंत्रणा कायमची बिघडू शकते.

गॅसचे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदत छापलेली असते, तीही बघा. मागच्या मालकाकडून आलेल्या आमच्या दोन्ही अलार्मची मुदत उलटून गेली होती. बटण दाबलं की ते छान वाजत होते, तरी बदलले.

तक्रारी किरकोळ आहेत. हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, पाण्याचा पंप रात्री फार मोठ्याने वाजतो, आणि थंडीत श्वासाची वाफ खिडक्यांवर धरते, म्हणून झरोका थोडा उघडा ठेवूनच झोपतो. शौचालयाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवतो आणि पाणी सढळ वापरतो. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि मैला तळाशी वाळून बसतो.

पुढचा खर्च बॅटरीवर होणार आहे. लेड-ॲसिड बॅटरी १२.१ व्होल्टच्या आसपास आली की निम्मी संपलेली असते, आणि त्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य घटतं. हीटरचा पंखा रात्रभर चालला की सकाळी आमची तिथवर पोचते. लिथियम घ्यायची आहे, पण त्याआधी ट्रेलरमधला जुना चार्जर तिला योग्य व्होल्टेज देतो का ते तपासून घेणार आहे.