कमी सोडियमचे मीठ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी कमी सोडियमच्या मिठाची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटे घरात वापरून पाहिली. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते पाकिटाच्या पाठीमागच्या बारीक छपाईविषयी आहे आणि ते कोणत्याही पाकिटाला लावून पाहता येईल. आमच्या घरात आम्ही तिघे : रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेणारे ६४ वर्षांचे यजमान, मूत्रपिंडे थोडी थकलेल्या ८३ वर्षांच्या सासूबाई आणि स्वयंपाक करणारी मी. एकच वस्तू या तिघांना तीन वेगळ्या प्रकारे लागू पडते, हे मला वापरताना हळूहळू समजत गेले.

पहिली अडचण दुकानातच आली. ‘बीपीवाल्यांचे मीठ द्या’ असे म्हटल्यावर दुकानदाराने विश्वासाने सैंधवाचा पुडा पुढे केला. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सैंधव असो, गुलाबी मीठ असो किंवा जाडे खडे मीठ असो, त्यात जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. उपवासाला चालते म्हणून ते हृदयालाही चालते असे होत नाही. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. सगळा प्रश्न तो भाग किती, हा आहे.

माझे पहिले पाकीट या परीक्षेत उणे ठरले. पुढे ठळक अक्षरांत ‘सोडियम कमी’ असे लिहिले होते, मागे पाहिले तर नेहमीच्या मिठापेक्षा फक्त १५ टक्के कमी. साध्या मिठाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३९ ग्रॅम सोडियम असते, यात ते ३३ च्या आसपास होते. एवढा फरक हात थोडा सैल सोडला की भरून निघतो, आणि ‘हे चांगले मीठ आहे’ या भरवशावर यजमानांचा हात सैल सुटतोच. दुसऱ्या पाकिटात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड होते. या परीक्षणातील बरे शब्द त्या दुसऱ्या पाकिटासाठी आहेत.

हे प्रमाण महत्त्वाचे का, याचे उत्तर ज्या संशोधनामुळे मी या मिठाकडे वळले त्यातच आहे. उत्तर चीनमधील ६०० खेड्यांतल्या जवळपास २१ हजार माणसांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ फुकट पुरवले आणि तेही बेतानेच वापरा असे सांगितले. उरलेल्या गावांनी आपले नेहमीचे मीठ चालू ठेवले. बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचे १२ टक्क्यांनी कमी भरले. टक्क्यांनी भुलून जाऊ नये म्हणून मूळ आकडे पाहिले : दर हजार माणसांमागे वर्षाला ३३.६५ ऐवजी २९.१४ पक्षाघात, म्हणजे हजारात चार-पाच कमी. एका घराला हा फरक दिसणारही नाही, गावाला आणि जिल्ह्याला मात्र तो मोठा आहे. शिवाय ही माणसे आधीच जोखमीतली होती. सरासरी वय ६५ आणि दहातल्या सातांना पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला. चाळिशीतल्या निरोगी माणसाने हेच आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत.

मला त्यातील लघवीच्या तपासणीचा भाग सर्वांत बोलका वाटला. काही जणांची चोवीस तासांची लघवी गोळा करून पाहिली, तेव्हा सोडियम दिवसाला ३५० मिलिग्रॅमने उतरले होते आणि पोटॅशियम ८०३ मिलिग्रॅमने चढले होते. म्हणजे ज्याला आपण ‘सोडियम कमी करणारे मीठ’ म्हणतो, ते खरे तर पोटॅशियम वाढवणारे मीठ आहे. पोटॅशियममुळे मूत्रपिंडे जादा सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्यांवरचा ताणही सैलावतो. पाकिटावर जाहिरात उणे झालेल्या वस्तूची असते, काम बरेचसे भर पडलेली वस्तू करते.

चीनचे आपल्याला काय, अशी शंका मलाही आली होती. पण तेलंगणातील सिद्दिपेट भागात रक्तदाबाच्या सुमारे ५०० रुग्णांना ३० टक्के पोटॅशियम क्लोराइडचे मीठ तीन महिने देऊन पाहिले होते, आणि वरचा रक्तदाब साध्या मिठाच्या गटापेक्षा सरासरी ४.६ ने खाली राहिला. चीनमधल्या त्या खेड्यांसारखेच आपल्याकडेही बहुतांश मीठ पाकीटबंद पदार्थांतून न येता स्वयंपाकघरातल्या चमच्यातून येते, म्हणून डब्यातले मीठ बदलण्याला अर्थ आहे.

आता चवीविषयी. पोटॅशियम क्लोराइडला जिभेच्या मागच्या बाजूला जाणवणारी, तांब्याच्या भांड्यात राहिलेल्या ताकासारखी कडसर चव असते. आमटी, उसळ, पिठले, भाकरीचे पीठ यांत ती अजिबात कळत नाही. फोडणी, गूळ आणि आमसूल तिला झाकून टाकतात. साध्या ताकात मात्र ती पहिल्या घोटाला कळते. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट भरपूर असेल तर चालून जाते, पण कैरीच्या फोडीवर किंवा उकडलेल्या अंड्यावर वरून भुरभुरलेले हे मीठ मला स्वतःला आवडले नाही. लोणच्याला आणि सांडगी मिरचीला मी साधेच मीठ वापरते, कारण तिथे टिकण्याचाही प्रश्न असतो आणि मला प्रयोग करायचा नव्हता.

दुसऱ्या पाकिटाविषयीची माझी खरी तक्रार चवीची नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये, ही सूचना त्यावर आहे, परंतु ती घडीच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि केवळ इंग्रजीत आहे. मूत्रपिंडे पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नसतील तर ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात, आणि रक्तदाबाचे किती रुग्ण यांपैकी काहीतरी घेतात हे कोणत्याही औषधाच्या दुकानात उभे राहिले तरी कळते. म्हणजे ज्यांना या मिठाचा उपयोग सर्वांत जास्त, त्यांनीच ते सर्वांत जपून घ्यायचे. चीनमधील चाचणीत पोटॅशियम वाढल्याचे गंभीर प्रकार दोन्ही गटांत सारखेच आढळले, हे खरे. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना तिच्यात घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली तीही सशर्त आहे, आणि तिच्यातून मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया व लहान मुले वगळलेली आहेत.

आमच्या डॉक्टरांनी यजमानांच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी चालली आहेत ते यावरून कळते) व पोटॅशियम आधी तपासले, मग तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि दोन्ही वेळा ठीक आल्यावर होकार दिला. सासूबाईंच्या बाबतीत त्यांनी स्पष्ट नकार दिला. तेव्हापासून मी भाजी-आमटी शिजली की मीठ घालण्यापूर्वी त्यांचा वाटा छोट्या पातेलीत काढते आणि त्यात साधे मीठ, तेही बेताने, घालते. लिहायला सोपे, करायला कटकटीचे! दिवाळीत मुलगी आली होती, तिने दोन्ही बरण्या एकाच पाकिटातून भरून टाकल्या आणि दोन दिवस सासूबाईंची पेज चुकीच्या मिठाची झाली. तपासणीत काही निघाले नाही, पण आता साधे मीठ चिनी मातीच्या बरणीत आणि हे मीठ स्टीलच्या डब्यात, वेगवेगळ्या फळ्यांवर असते. एकत्र कुटुंबात वापरायचे असल्यास खर्चापेक्षा ही व्यवस्था जमेल का, याचा विचार आधी करावा. खर्च किलोमागे वीस-पंचवीस रुपये जास्त, एवढाच.

यजमानांचा सकाळचा वरचा रक्तदाब आठ महिन्यांपूर्वी सरासरी १४२ होता, तो आता १३५ च्या आसपास असतो. याचे श्रेय मी मिठाला द्यायला तयार नाही, निदान सगळे तरी नाही. याच काळात त्यांनी संध्याकाळचे फरसाण सोडले, रोज चालू लागले आणि वजन तीन किलोने उतरवले. एक किलो उतरले की वरचा रक्तदाब साधारण एकाने उतरतो, असे वजनावरील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसते. आमच्याकडे तुलनेला दुसरे यजमान नाहीत.

पाकीट उघडले की त्यावर पेनने तारीख टाकण्याची सवय मात्र यातून लागली. पूर्वी किलोभर मीठ ३४ दिवसांत संपत असे, म्हणजे लोणचे-पापड सोडून माणशी रोज जवळजवळ दहा ग्रॅम, आणि मर्यादा पाच ग्रॅमची आहे. आता दोन्ही बरण्यांचे मिळून किलोभर मीठ ४९ दिवस पुरते. दुसरे पाकीट मी पुन्हा घेतले आहे, पहिले घेणार नाही.