अठराशेचा ओबीडी स्कॅनर, आठ महिने वापरल्यावर

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र. माझी गाडी टर्बो पेट्रोल, एक लिटर, तीन सिलेंडर, एमएच २३ पासिंग. ५८ हजार किमी झाले तेव्हा मिसिंग करायला लागली, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटेनाच. आणि मिसिंग पण कशी, आयडलला एकदम गुळगुळीत, बीड गावात दिवसभर फिरवा काही नाही, पण मांजरसुंब्याचा घाट चढताना चौथ्या गियरला दोन हजार आरपीएमच्या आसपास एक्सलेटर दाबला की धाडधाड झटके आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुक. घाट संपला की लुकलुक बंद, जणू काही झालंच नाही.

सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. तिन्ही वेळेस त्यांनी गेटपासून चौकापर्यंत चालवली आणि म्हणले काहीच नाही सर, ई-२० पेट्रोलमुळं होतंय, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या. नऊ हजाराचं एस्टिमेट. म्हणलं नऊ हजार द्यायच्या आधी आपणच बघावं काय ते.

पहिला स्कॅनर चारशेचा घेतला होता, ते पैसे पाण्यात गेले. ब्लूटूथला जोडायचा, दोन मिनिटांनी तुटायचा, निम्मे आकडे द्यायचाच नाही. नंतर वाचल्यावर कळलं की असल्या स्कॅनरमध्ये गाडीशी बोलणारी जी ईएलएम ३२७ चिप असते ती मुळात एका कॅनडाच्या कंपनीची, बाजारातले बहुतेक स्वस्त अडॅप्टर तिची नक्कल, आणि माझ्या स्कॅनरवर जे ‘व्हर्जन १.५’ छापलेलं होतं तसलं व्हर्जन त्या कंपनीनं कधी काढलंच नव्हतं! मग हा अठराशेचा मागवला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं तिथं बसवायचा, मोबाईलवर ॲप, झालं.

पहिल्याच दिवशी पेंडिंगमध्ये (गाडीनं नोंदलेले पण अजून पक्के न झालेले कोड) पी०३०२ सापडला. शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडर नंबर, म्हणजे दोन नंबरचं सिलेंडर मिस होतंय (पी०३०० आला असता तर कुठलं एक ते कळलं नसतं). पण मला खरं कामाचं वाटलं ते फ्रीज फ्रेम. कोड पडला त्या क्षणाचे आकडे गाडीनं स्वतः जपून ठेवलेले असतात, स्पीड ५५, आरपीएम २१५०, लोड ९४ टक्के. गेट ते चौक चालवून हे कुणालाच दिसणार नव्हतं. फ्युएल ट्रिम (गाडी स्वतःहून पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतेय ते) पण बघितले, आयडलला आणि सपाट रोडला दोन्ही पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे पेट्रोलचा किंवा कुठं हवा खेचत असल्याचा संशय बराच कमी झाला. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९५ केपीए दाखवतो, आपलं बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर आहे त्या हिशोबानं बरोबर. घाटात तोच १८० च्या वर. गोम तिथंच आहे, सिलेंडरमध्ये हवा जेवढी दाबून भरलेली तेवढं ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून टर्बोत प्लग किंवा त्याला व्होल्टेज देणारी कॉइल थोडी जरी कमजोर असली तरी आयडलला पत्ता लागत नाही आणि चढाला उघडं पडतं.

मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला धरलं. सकाळी सहाला, इंजिन गार असताना, दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि घाट. कोड परत पी०३०२. कॉइल बदलूनही कोड जागचा हलला नाही म्हणजे कॉइल ठीक, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं (हे ध्यानात ठेवा). प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर वरून खालपर्यंत पेन्सिलनं ओढावी तशी बारीक काळी रेघ. मिस्त्री म्हणाला, मालक, ठिणगी आत पडायच्या ऐवजी बाहेरूनच पळायली. तीनही प्लग नवे टाकले, कंपनीनं सांगितलेला गॅप तपासून. गाडी अशी उचलली की काय सांगावं, आम्ही दोघं मांजरसुंब्याला चहा पिऊन आलो.

सतरा दिवसांनी पी०३०३.

आता तीन नंबर! डोकंच चालेना. पुन्हा इंजेक्टरवर शंका, पुन्हा ते नऊ हजार डोळ्यासमोर. दोन दिवसांनी रात्री जेवताना आठवलं की अदलाबदल केलेल्या कॉइल आम्ही परत जागेवर लावल्याच नव्हत्या. दोन नंबरची कॉइल तीनवर बसलेली. काढून तिच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटमध्ये टॉर्च मारला तर आत तशीच काळी रेघ, प्लगवरच्या रेघेची जोडीदार. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून जुन्या बूटमध्ये नवा प्लग घातला की ठिणगीला पळायला अर्धी वाट तयारच असते, आणि काही दिवसांत नव्या प्लगवर पण रेघ उमटते. उमटली होतीच. एक कॉइल बूटसकट, एक प्लग, आणि मागचे तीन प्लग, सगळं मिळून साडेचार हजाराच्या आत बसलं. चूक स्कॅनरची नाही, त्यानं दोन्ही वेळेस नंबर बरोबरच सांगितला, कारण शोधणं आपल्याकडंच असतं.

आता स्कॅनरच्या तक्रारी. सॉकेटमध्ये तसाच ठेवला तर बॅटरी खातो, लग्नाला लातूरला गेलो, गाडी पाच दिवस उभी, आल्यावर धक्का मारावा लागला. माझा मेहुणा आयफोनवाला, त्याच्याकडं जोडलाच नाही, हा साध्या ब्लूटूथचा आहे, आयफोनला वायफायवाला किंवा बीएलईवाला (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लागतो. प्रत्येक सिलेंडरचे मिसफायर लाइव्ह मोजता येतील असं खोक्यावर लिहिलंय, माझ्या गाडीत ते येत नाही, मोड सहामध्ये (गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या करते त्यांचे निकाल) जाऊन कच्चे आकडे बघावे लागतात आणि ते वाचता येईपर्यंत माझा एक रविवार गेला. फुकटच्या ॲपमध्ये जाहिराती लई. मे महिन्यात बंद गाडीत डॅशवर ठेवला होता तर प्लास्टिक थोडं वाकडं झालंय, पण चालतो.

आणि दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळू घरी आणा, पण लुकलुकत असेल तर तिथंच एक्सलेटरवरचा पाय काढा आणि कडंला घ्या. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं, तो आतून वितळतो, आणि त्याच्या किमतीत असले पंचवीस-तीस स्कॅनर येतील. मी तीन आठवडे लुकलुकत घाट चढलोय, माझा कन्व्हर्टर वाचला ते नशीब.

दुसरी कॉइल टाकून ७ हजार किमी झाले. घाटातून आलं की पेंडिंग कोड बघायची सवयच लागलीय, परवा पण बघितला, काही नाही.