चक्करीवर गोळी की एप्ली?

कूस बदलली किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की घर गरकन फिरतं आणि मिनिटाभरात थांबतं. ही चक्कर बहुतेकदा बीपीपीव्ही नावाच्या कानाच्या आजाराची असते. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात.

आपल्याकडे पहिला हात जातो गोळीकडे. मळमळ, उलट्या आवरायला दोन-तीन दिवस ती उपयोगी, हे मान्य. पण कण जिथल्या तिथेच राहतात. शिवाय काही गोळ्यांनी गुंगी येते आणि वयस्क माणूस रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडू शकतो. महिनोन्‌महिने त्या चालू ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

एप्ली म्हणजे डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवून ते कण बाहेर काढायची पद्धत; त्यात औषध नाही. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आधी कोणता कान ते तपासतात. मग डोकं त्या बाजूला ४५ अंश वळवून रुग्णाला पटकन आडवं करतात, मान पलंगाच्या कडेखाली किंचित झुकवून. चक्कर शमली की डोकं दुसऱ्या बाजूला, मग पूर्ण कूस, मग उठून बसायचं. कण नलिकेतून बाहेर सरकतात. करताना गरगरतंच, घाबरू नका. कित्येकांना पहिल्याच वेळी आराम पडतो. मानेचं दुखणं असेल तर आधी सांगा.

चक्करीसोबत बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, एकाचं दोन दिसू लागलं, तर दोन्ही बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.