आयएसएसएन खरा, जर्नल खोटं! पेपर पाठवण्याआधी हे वाचा

कॉलेज-विद्यापीठाच्या बाहेर राहून जे संशोधन करतात, म्हणजे गावचा इतिहास, मोडी, बोलीभाषा, पक्षी असलं काहीही, त्यांच्यासाठी हे लिहितोय कारण खोटी जर्नल्स काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांचा डोळा सध्या आपल्यावर आहे. प्राध्यापकाला निदान लायब्ररीयनला तरी विचारता येतं, आपण कोणाला विचारायचं?

मी बँकेतून रिटायर झालोय. एक शिक्षक मित्र आणि मी मिळून आमच्या तालुक्यातल्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक दगडांची, नोंद करतोय. आपल्याला मुळात चांगली जर्नल्स वाचायला मिळायचीच मारामार. सरकारने जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायला देणारी योजना सुरू केली, तीन वर्षांचे ६,००० कोटी, १३,००० च्या आसपास जर्नल्स, पण ते सरकारी संस्थांमधल्या लोकांना. घरी बसून काम करणाऱ्याला ओपन ॲक्सेस हाच काय तो आधार, त्यामुळे ‘जगभर कोणालाही फुकट वाचता येईल’ असं कोणी म्हटलं की आपल्याला बरं वाटणारच, आणि हे लोक बोलायला सुरुवातच तिथून करतात.

झालं असं की आमचा पेपर आम्ही एका जुन्या मराठी संशोधन पत्रिकेच्या वेबसाइटवर पाठवला. नाव ओळखीचं, संपादक मंडळात खरे प्राध्यापक, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाला मिळणारा ओळख क्रमांक, शोधून पाहिला तर तोही बरोबर त्याच पत्रिकेचा. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज, ‘अभिनंदन सर, आपला शोधनिबंध स्वीकृत झाला आहे’. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा, ‘विषय चांगला, संदर्भ वाढवावेत’. स्वीकारल्यावर मग पैशांचा विषय निघाला, २,५०० रुपये फी, दुसऱ्या लेखकाच्या सर्टिफिकेटचे वेगळे ५००, आणि क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव संस्थेचं नाही, कुठल्यातरी बाईचं. फोनवर विचारलं तर म्हणे ‘मॅडम आमच्या अकाउंटंट आहेत सर, बिनधास्त पाठवा’.

पेपर छापून आला तो बघून डोक्याला हात लावला. युनिकोडमधला मजकूर त्यांनी कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये घातलेला, जोडाक्षरं सगळी फुटलेली, आणि मुख्य वीरगळाचा फोटो चक्क उलटा! वीरगळात खाली लढाईत पडलेला वीर असतो, मधे अप्सरा त्याला घेऊन जातात, वर शिवलिंगाची पूजा आणि त्याच्याही वर चंद्र-सूर्य. यांच्या पानावर चंद्र-सूर्य खाली आणि मेलेला माणूस सगळ्यात वर. परीक्षक सोडाच, कोणी एकदा नजर तरी टाकली असती तर हे झालं नसतं. सर्टिफिकेटची सोनेरी महिरप मात्र एकदम झकास, वर ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असा शिक्का. केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नल्सची यादी, ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, आमचं प्रकरण त्यानंतरचं!

मग संपादक मंडळातल्या एका सरांना त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरचा ईमेल शोधून लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमची पत्रिका फक्त छापील निघते, वेबसाइट नाहीच. म्हणजे नाव, नंबर, संपादक सगळं खऱ्याचं उचललेलं. याला क्लोन जर्नल म्हणतात आणि केअर यादीच्या काळातही यूजीसीला अशा क्लोन जर्नल्सबद्दल वेगळं सावध करावं लागलं होतं, तेव्हा हा धंदा काही आजचा नाही.

पैसे गेले त्याचं एवढं नाही, खरा गळफास पुढे आहे. पेपर काढून टाका म्हटलं तर म्हणे विथड्रॉवल चार्ज ५,००० भरा. आणि तो तिथे राहिला तर दुसरं कुठलं चांगलं जर्नल घेत नाही, आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही म्हणून. म्हणजे एवढी वर्षं उन्हातान्हात फिरून घेतलेली मापं आणि फोटो त्या भिकार पानावर अडकून पडले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर केस केली होती त्यातही हेच होतं, फी आधी सांगत नाहीत आणि पेपर परत घेऊ देत नाहीत. २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. आपल्याकडचे हे दोन-अडीच हजारवाले कोर्टापर्यंत जातच नाहीत, एवढ्यासाठी वकील कोण लावणार हे त्यांना पक्कं माहितीये.

आता तपासायचं कसं. नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका, आयएसएसएन ही नुसती ओळख आहे, दर्जाचा दाखला नाही. आयएसएसएन पोर्टलवर त्या नंबरची नोंद उघडा आणि माध्यम बघा, छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे नंबर वेगवेगळे असतात, छापील अंकाचा नंबर वेबसाइटवर दाखवत असतील तर तिथेच संशय घ्या. डीओआय, म्हणजे पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला असेल तर डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा, आमचा कुठेच उघडला नाही. डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या यादीत नाव शोधा, तिथली निम्म्याहून जास्त जर्नल्स लेखकाकडून एक रुपया घेत नाहीत. फी घेणारं प्रत्येक जर्नल चोर असतं असंही नाही हां, पण चांगली जर्नल्स फीचा आकडा आधीच वेबसाइटवर सांगतात. आणि संपादकांना ईमेल करायचा तो जर्नलच्या साइटवरून घेऊन नाही, त्यांच्या संस्थेच्या पानावरून.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याचा पुरावा सगळा जपून ठेवलाय. विथड्रॉवलचे पैसे भरले नाहीत, तुम्हीही भरू नका, एकदा दिले की आणखी मागतात. त्या सरांनी सुचवलं की पेपर नीट वाढवून दुसरीकडे पाठवा आणि सोबतच्या पत्रात हा सगळा प्रकार लपवून न ठेवता लिहा, काही संपादक समजून घेतात. तसं पत्र लिहून पाठवलंय, अजून उत्तर यायचंय.