‘द एज्युकेटर्स’ की ‘हाऊ टू ब्लो अप अ पाइपलाइन’?

भांडवलशाहीविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांवरचा एकच सिनेमा बघायचा असेल, तर या दोनांत निवड सोपी नाही. जर्मन ‘एज्युकेटर्स’ (२००४) दोन तासांहून थोडा लांब, अमेरिकन ‘पाइपलाइन’ (२०२२) पावणेदोन तासांचा.

राग कुठून येतो, हे दोन्हींत नीट दाखवलंय. बर्लिनची यूल एका उद्योगपतीच्या मर्सिडीजला धडकते, विमा संपलेला असतो. जवळपास एक लाख युरो फेडत ती वेटरचं काम करते. ‘पाइपलाइन’मध्ये रिफायनरीशेजारी वाढलेल्या थिओला रक्ताचा कर्करोग आहे, ड्वेनची जमीन पाइपलाइनसाठी गेलीय. पण इथे माणसं आठ, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक छोटा फ्लॅशबॅकच येतो.

कृतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ‘एज्युकेटर्स’मध्ये यूलचे साथी यान आणि पीटर श्रीमंतांच्या बंगल्यांत शिरतात, काहीही चोरत नाहीत. खुर्च्यांचा ढीग रचतात आणि चिठ्ठी ठेवतात: ‘सुगीचे दिवस संपले.’ ‘पाइपलाइन’मधली मंडळी टेक्सासमध्ये थेट तेलवाहिनीच उडवायला निघतात. ताण तिथेच जास्त.

वाद ऐकायचा तर ‘एज्युकेटर्स’ला तोड नाही. त्या मर्सिडीजचा मालक हार्डेनबर्ग, ज्याला यूल, यान आणि पीटर ओलीस ठेवतात, स्वतः १९६८च्या विद्यार्थी चळवळीतला निघतो, आणि आल्प्समधल्या झोपडीत जेवणाच्या टेबलावर तिघांची खरी परीक्षा होते. मधला प्रेमत्रिकोण रेंगाळतो, हे खरं.

चळवळीत काम करणाऱ्यांनी, गटात चर्चा करणाऱ्यांनी ‘एज्युकेटर्स’ घ्यावा. हवामानबदलाची तळमळ असेल आणि थरार हवा असेल, तर ‘पाइपलाइन’.